किल्ल्यातली जुनी चर्चेस, अडतीस पोरं, अकरा आजी-आजोबा आणि एक 'ओळखीचा' माणूस

बावखल

नमस्कार मंडळी. इतिहासाच्या धाग्यांवर माझी लुडबुड असतेच, पण आजचा प्रश्न इतिहासाचा नाही. कुठे टाकावा कळेना म्हणून इथेच टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत) रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, सतरा वर्षं झाली. दरवर्षी फेब्रुवारीत, संत गोन्सालो गार्सियांच्या सणाच्या सुमारास, आम्ही पोरांना वसईच्या किल्ल्यात नेतो. इथे जन्मलेला, इथे जेझुइट धर्मगुरूंकडे शिकलेला एक मुलगा १५९७ साली नागासाकीला क्रुसावर जातो आणि १८६२ साली संत म्हणून जाहीर होतो, हे वर्गात सांगितलं की पोरं जांभया देतात. तेच किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या कमानीखाली उभं राहून सांगितलं की ऐकतात. मग फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतली थडगी, त्यावरची झिजलेली अक्षरं, शेवटी सेंट जोसेफचा मनोरा. परतताना कलिंगड. असा ठरलेला क्रम.

यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की जवळच्या वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनाही न्यावं, त्यांनाही बाहेर पडायला मिळेल. मला कल्पना आवडली, खोटं कशाला बोलू. तर एकूण अडतीस पोरं (वय नऊ ते चौदा), अकरा ज्येष्ठ आणि आम्ही पाच मोठी माणसं. पाचातली एक सात महिन्यांची गरोदर.

दोन गोष्टी घडल्या.

पहिली. किल्ल्यात एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, गळ्यात भलाथोरला कॅमेरा. माहिती मात्र जबरदस्त. चिमाजी अप्पांनी १७३९ साली कुठल्या बाजूने सुरुंग लावले इथपासून सगळं. पोरांना गोळ्या दिल्या. आमच्यातल्या एकाने सांगितलं, "हे दरवर्षी सणाला असतात, ओळखीचे आहेत." बस्स, मी निर्धास्त. त्यांनी "चला, मनोऱ्यावर कोण येतंय?" म्हटलं आणि पाच पोरं घेऊन वर गेले. ज्यांनी तो गोल जिना पाहिलाय त्यांना कळेल: दोन वळणं चढलं की खालच्याला वरचा दिसत नाही, आणि एका वेळी एकच माणूस मावतो. मी तेव्हा खाली एका आजींना पाणी देत होते.

पुढच्या रविवारी बारा वर्षांची एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. म्हणाली, "टीचर, ते मनोऱ्यावाले काका माझा फोटो मागतात व्हॉट्सअ‍ॅपवर. देऊ का?" त्यांनी जिन्यात तिचा नंबर घेतला होता, म्हणजे तिच्या आईचा जुना फोन तिच्याकडे असतो त्याचा. "किल्ल्यात काढलेले फोटो पाठवतो" म्हणाले होते.

मी फादरांच्या कानावर घातलं. ते बिचारे नवीन, घाबरले. समितीतल्या ज्येष्ठांना विचारलं तर उत्तर आलं, "अगं, एवढा अभ्यासू माणूस. फोटोच मागितला ना? उगाच चर्चचं नाव खराब होईल." मी गप्प बसले. तीन आठवडे झाले. झोप नीट लागत नाही.

दुसरी गोष्ट. अकरातले एक बाबा, वय एक्याऐंशी, स्मृतिभ्रंशाचा त्रास आहे. बसमध्ये बसताना मोजणी अकरा भरली, कारण ड्रायव्हरबरोबरचा मदतनीसही पांढऱ्या केसांचा होता आणि मोजणाऱ्याने त्याला मोजलं. हसू नका. बाबा दिवेलागणीला किल्लाबंदरच्या रस्त्याकडेला बसलेले सापडले, दोन तासांनी. कोळी लोकांनी त्यांना चहा पाजून ठेवलं होतं.

आणि तिसरी, जी कुणी घडवली नाही, मीच केली: त्या संध्याकाळी चाळीसेक फोटो फेसबुकवर टाकले. पोरांची नावं, कुठल्या आळीतली, सगळं लिहून.

विचारायचं हे की, त्या गृहस्थांबद्दल मी काही करायला हवं होतं का, अजून करता येईल का? आणि पुढच्या वर्षी जायचं तर नियम काय ठेवायचे? की मी उगाच घाबरतेय?

चिमाजीचा_घोडा

ताई, राग मानू नका, पण हे जरा अति होतंय. आम्ही पापडीची पोरं सुट्टीत सकाळी किल्ल्यात शिरायचो ते भूक लागली की घरी. कुणी मोजत नव्हतं. चिंचा पाडल्या, मनोऱ्यावर चढलो, विहिरीत डोकावलो. काही झालं नाही. आता कुणी प्रेमाने चार गोष्टी सांगितल्या तर त्यावरही संशय? असेच अभ्यासू लोक किल्ल्याकडे यायचे बंद होतील. आधीच तिथे कोण येतं, लग्नाआधीचे फोटो काढणारे!

बावखल

दादा, राग नाही. मीही तशीच वाढलेय. पण "काही झालं नाही" हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगू शकतात ना? आमच्या वर्गातल्या एकीने पन्नाशीला आल्यावर मला सांगितलं की तिला झालं होतं. किल्ल्यात नाही, घरातच. चाळीस वर्षं कुणाला बोलली नव्हती.

कोर्टवारी

बावखल, धागा वाचून लगेच लॉगिन केलं. मी वकील नाही. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) खटल्यांमध्ये मुलांबरोबर 'सपोर्ट पर्सन' म्हणून जाते, म्हणजे पोलीस ठाणे, दवाखाना, कोर्ट सगळीकडे त्या मुलाशेजारी बसणारी बाई. तेव्हा हे पाहिलेलं सांगते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, उगाच नाही.

तुम्ही लिहिलेला क्रम पुन्हा वाचा. माहितीचा प्रभाव, गोळ्या, मोठ्यांच्या नजरेआडची जागा, नंबर घ्यायला निरुपद्रवी निमित्त, मग फोटोची मागणी. याला ग्रूमिंग म्हणतात. मुलाचा विश्वास पायरीपायरीने मिळवायचा, आणि त्याआधी मोठ्यांचा. कुठलीच एक पायरी गुन्ह्यासारखी दिसत नाही, तीच तर युक्ती असते. आता हेही तितकंच खरं की तो माणूस अगदी भाबडा, पोरांत रमणारा इतिहासवेडा असू शकतो. ते ठरवणं तुमचं काम नाही. माझंही नाही.

कायदा काय सांगतो ते बघा. पोक्सो २०१२ चा. अठराखालचं प्रत्येक जण त्यात मूल. कलम १९ म्हणतं की गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला वाटते, त्या कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं. 'कुणाही'त फादर आले, समितीतले ज्येष्ठ आले, तुम्ही आलात. न कळवल्यास कलम २१: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलटं बालंट येत नाही, तेही १९ मध्येच लिहिलंय. "चर्चचं नाव खराब होईल" हे कारण कुठल्याच कलमात नाही. देवळाचं, शाळेचं, क्लबचं नाव घालूनही ते मी ऐकलंय, शब्द तेच असतात.

आज करायचं ते असं. मुलीच्या आईला भेटा, एकटीला, तिच्या घरी. समितीच्या बैठकीत नको. मुलीला खोदून खोदून विचारू नका. "त्याने हात लावला का, कुठे लावला" असली प्रश्नावली अजिबात नको. पुढे कोर्टात त्यावरच बोट ठेवतात की हे तुम्हीच तिच्या तोंडी घातलं. ती आपण होऊन जे बोलली तेवढंच, तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहा. "देऊ का?" हे दोन शब्दसुद्धा लिहा. फोनमधलं काहीही पुसू नका. आईला राग येऊन ती आधी तेच करते, म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि मुलीला एवढंच सांगा की तू विचारलंस ते बरं केलंस.

मेसेजमध्ये वावगं दिसलं तर मग विचार करत बसायचं नाही, पोलीस ठाणं. मुलीला तिथे बोलावण्याची गरज नसते. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई किंवा तिच्या विश्वासाच्या माणसासमोर घ्यायचा असतो. हे त्यांना ठाऊक असतं, पण आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळलेलं बरं. जायचा धीर होत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा.

आणि ते फोटो. आजच्या आज काढा बाई. नाव, आळी आणि चेहरा एका ठिकाणी म्हणजे अशा माणसाला घरपोच पत्ता दिल्यासारखं.

बावखल

फोटो काढले. उद्या तिच्या आईकडे जाते. पोटात गोळा आलाय.

एक शंका. फादर म्हणाले, असली गोष्ट मला कन्फेशनमध्ये (पापाच्या गुप्त कबुलीत) कळली तर मी काय करायचं? मला उत्तर सुचलं नाही.

कोर्टवारी

कन्फेशनची गुप्तता त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे याची मला कल्पना आहे. पोक्सोत तिच्यासाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. पण त्यांना हे कन्फेशनमध्ये कळलेलंच नाही ना? एका शिक्षिकेने अंगणात उभं राहून सांगितलंय. तो प्रश्न त्यांनी बिशपहाउसला विचारावा. पोपनी २०१९ मध्ये फादर-सिस्टर लोकांसाठी अशा तक्रारी वर कळवणं बंधनकारक केलं, आणि तिथल्या कायद्याचं पालन करावं हेही त्यात आहे. आपल्या समोरचा प्रश्न वेगळा आहे, त्यात तो मिसळू देऊ नका.

उत्तरेचा_वारा

माझा अनुभव इंग्लंडचा आहे. इथे काय चालतं त्याची जाहिरात करायची नाही, किंबहुना उलट.

निवृत्तीनंतर इथल्या एका जुन्या पॅरिश चर्चमध्ये मी आठवड्यातून दोन दिवस वाटाड्या म्हणून उभा राहतो. मी ख्रिस्ती नाही, कोल्हापूरचा कट्टर अंबाबाईवाला. दगडी बांधकामाच्या वेडापायी गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म पुढे केला: दोन ओळखीच्यांची पत्रं, संगणकावरचं प्रशिक्षण, मग तीन महिने कुणातरी जुन्याबरोबर उभं राहणं. मला अपमान वाटला. इतकी वर्षं इंजिनियर म्हणून काढली, आणि आता माझी पत्रं? आमच्या फुलं सजवणाऱ्या म्हाताऱ्या बायका तर दर तीन वर्षांनी ते प्रशिक्षण पुन्हा करायला लागलं की असा थयथयाट करतात की बघावं.

पण हे नियम कुठून आले ते वाचलं तेव्हा गप्प बसलो. २००२ मध्ये सोहॅम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. करणारा एका शाळेचा केअरटेकर. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात बरेच आरोप झाले होते, पण शिक्षा एकाही लैंगिक गुन्ह्यात नव्हती, आणि नोकरी देताना ती माहिती पुढे आलीच नाही. त्याची चौकशी झाली, २००६ मध्ये कायदा झाला, आणि २०१२ पासून डीबीएस नावाची सरकारी यंत्रणा मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासते. स्वयंसेवकांसाठी फुकट.

आता उलटी बाजू. पोलिसांचा दाखला म्हणजे गंगाजल नव्हे. इथल्या आणि नंतर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती शिबिरांमधून एका प्रतिष्ठित बॅरिस्टरने शंभरावर मुलांना छळलं. चर्चमधल्या काही लोकांना १९८० च्या दशकातच ते कळलं होतं. हा माणूस २०१८ मध्ये शिक्षा न होता मेला. म्हणजे त्याचा दाखला शेवटपर्यंत कोरा! नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावरचा अहवाल आला आणि पाच दिवसांत कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वात वरिष्ठ धर्मगुरूंना, जस्टिन वेल्बींना, राजीनामा जाहीर करावा लागला. त्यांनी छळ केला म्हणून नव्हे. कळल्यावर पाठपुरावा पुरेसा केला नाही म्हणून. तुमच्या समितीतल्या ज्येष्ठांना ही गोष्ट जरूर सांगा.

म्हणून आमच्याकडे खरा भर दाखल्यावर नसतो, जागेवर असतो. आमचाही मनोरा आहे, आमचाही गोल जिना. नियम असा: मुलांबरोबर जिन्यात पुढे एक मोठा, मागे एक मोठा, आणि दोघंही आमचे. आलेला पाहुणा कितीही विद्वान असो, तो खाली उभा राहून व्याख्यान देईल. साक्रिस्तीच्या (पाद्रीबुवांच्या तयारीच्या खोलीच्या) दाराला काचेची पट्टी बसवलीय, कारण आत कुणी मुलाबरोबर एकटा असला तर बाहेरून दिसावं. जुन्या ओकच्या दाराला भोक पाडायचं म्हणून वारसावाल्यांनी सहा महिने घोळ घातला; शेवटी ते दार जपून ठेवलं आणि नवीन दार लावलं. पोर्चमध्ये फलक आहे, त्यावर एका बाईंचं नाव आणि फोन नंबर. पाद्रीबुवांचा नव्हे. कारण तक्रार पाद्रीबुवांबद्दलच असली तर?

मोठ्यांच्या बाबतीत एक वेगळा धडा मिळाला. आमच्याकडे एक ऐंशीच्या बाई रोज येऊन बसायच्या. एक तरुण त्यांना 'मदत' करायचा आणि त्या दानपेटीजवळ त्याच्या हातात पाकीट ठेवताना मी दोनदा पाहिलं. मी तावातावाने फलकावरच्या बाईंकडे गेलो, पोलीस बोलवा म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी त्यांना विचारू, त्यांना काय हवंय. मूल असतं तर विचारत बसायचं नसतं. मोठ्या माणसाला स्वतःचं डोकं असतं, ते शाबूत आहे तोवर त्यांच्या पैशाचा निर्णय त्यांचा. विचारलं. तर त्या त्याला भीत होत्या. मग त्यांच्याच संमतीने पुढचं झालं. हा फरक मला साठाव्या वर्षी कळला.

किल्लाबंदर

नमस्कार. बाबांचं आमच्या पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. ते माझ्या चुलत्याच्या ओट्यावर होते. "बोट कधी सुटणार" म्हणून विचारत होते. तरुणपणी जहाजावर होते वाटतं. पत्ता सांगता येत नव्हता. खिशात चिठ्ठी असती तर अर्ध्या तासात पोचते केले असते.

किल्ल्याचं सांगतो, रोजचा राबता आहे म्हणून. लोकांना वाटतं किल्ला म्हणजे आत जायचं एक दार आणि बाहेर यायचं तेच. तसं नाही. मधून डांबरी रस्ता जातो तो सरळ आमच्या बंदरापर्यंत, त्यावर बस, रिक्षा, मासळीचे टेम्पो. तिकिटाची खिडकी नाही, तेव्हा आत कोण आलं कोण गेलं याची नोंद नाही. पुरातत्त्वचा पहारेकरी असतो पण एवढ्या पसाऱ्यात एक माणूस काय पुरणार. संध्याकाळी पाचनंतर भिंतींच्या आडोशाला बाटल्या घेऊन पोरं बसतात. त्यामुळे मुलं आणायची तर सकाळीच आणा आणि अकराला निघा.

दुसरं, विहिरी. गवतात काहींचे काठ दिसत नाहीत, पावसाळ्यानंतर तर नाहीच. आजी-आजोबांना रस्त्यालगतचंच दाखवा.

मनोऱ्यावाला माणूस आम्हीही बघतो. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तो पोरांच्या सहली असतील तेव्हाच दिसतो, एरवी दिसत नाही, एवढं खरं.

चिमाजीचा_घोडा

किल्लाबंदर, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. ताई, माझं पहिलं लिहिणं मागे घेतो.

बावखल

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफी, पण मधल्या काळात लिहिण्यासारखी मनःस्थिती नव्हती. मुलीची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, कुणी ओळखीचं असेल तर अंदाजही बांधू नका.

आईला भेटले. तिने माझ्यासमोर फोन उघडला. पहिले सात-आठ मेसेज किल्ल्याचेच, तोफा, बुरूज. मग "तुझा आवाज छान आहे". मग "तुमच्या वर्गातल्या टीचरला काही कळत नाही, मी तुला खरा इतिहास सांगेन". हे वाचून मला, काय सांगू, आधी स्वतःचाच राग आला आणि मग माझ्या अभ्यासावरच्या टोमण्याचा. माणूस किती क्षुद्र असतो बघा! त्याखाली होतं, "आईला सांगू नकोस, ती रागावेल." त्यापुढचं लिहीत नाही.

आई पुसायलाच निघाली होती. कोर्टवारी, तुमचं वाक्य आठवलं आणि मी अक्षरशः तिचा हात धरला.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघी आणि फादर. हो, फादर आले. आदल्या रात्री मी त्यांना कलम २१ वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला भीती वाटते, पण मी येतो." मुलीचा जबाब तिच्या घरी झाला. सलवार-कुडत्यातल्या एक बाई आल्या होत्या, मुलीला त्या पोलीस आहेत हे सांगितल्यावर तिला खरंच वाटेना. पुढे काय होईल ते होईल, त्यावर इथे बोलणार नाही.

समितीतले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. त्यातले एक माझे सख्खे दीर. ईस्टरचं जेवण कसं होणार देव जाणे.

आता नियमांचं. मी आधी आठ पानं लिहिली होती, फादर म्हणाले ही कुणी वाचणार नाही. शेवटी एक पान झालं. मनोरा बंद. उत्तरेचा_वारा, पुढे एक मागे एकचा नियम मला पटला होता, पण आमच्याकडे माणसंच तेवढी नाहीत आणि पायऱ्याही झिजल्यात, तेव्हा खालूनच बघायचा. पोरं नाराज होणार, होऊ देत. वाटेत भेटलेला कुणीही माणूस गटात सामील होणार नाही. बोलायचंच असेल तर सगळ्यांसमोर, उघड्यावर. शिकवणाऱ्यांनीसुद्धा मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, पालकांच्या गटातच करायचे. हे लिहिताना लक्षात आलं की मीच चार पोरींना वाढदिवसाचे मेसेज करायचे. ते बंद. फोटो पाठमोरे किंवा लांबून, नावं नाहीत, आणि पालकांची सही असेल तरच. दहा मुलांमागे दोन मोठी माणसं, आणि त्या सगळ्यांनी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणायचं. उत्तरेचा_वारा म्हणतात तसं ते गंगाजल नाही हे खालीच कंसात लिहिलंय. माझं मी पहिलं काढलं, म्हणजे कुणाला अपमान वाटायला नको. बदलापूरच्या प्रकरणानंतर, २०२४ च्या ऑगस्टात, सरकारने शाळांना कर्मचाऱ्यांची पडताळणी सक्तीची केली तेव्हा आम्ही सगळ्यांनी "बरोबर आहे" म्हटलं होतं. चर्चमधला रविवारचा वर्गही शाळाच आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आजी-आजोबांसाठी वृद्धाश्रमाच्या ताईंशी बोलले. मुलांची आणि त्यांची सहल वेगळी करायची, कारण एकाच वेळी दोन्हीकडे लक्ष जात नाही, हे त्या दिवशी सिद्धच झालं. दर दोघांमागे त्यांच्याकडचाच एक माणूस. खिशात चिठ्ठी, त्यावर फक्त आश्रमाचा फोन. मोजणी डोक्यांची नाही, नावाने हाक मारून आणि उत्तर ऐकून. त्या ताईंनी १४५६७ हा ज्येष्ठांचा मदतीचा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहायला सांगितला.

आणि विचारलं. कोल्हापूरकर, तुम्ही सांगितलंत म्हणून एकेकाला विचारलं, पुन्हा यायचंय का, काय बघायचंय. मला वाटलं होतं बाबा घाबरले असतील. ते म्हणाले, "चर्च नको. बोटी बघायच्या." दोन आजींनी सांगितलं की त्यांना गेल्या वेळी यायचंच नव्हतं, पण कुणी विचारलं नाही, बसमध्ये बसवलं.

फलक लावलाय चर्चच्या व्हरांड्यात, १०९८ आणि दोन माणसांचे नंबर. एक मी, एक गावातल्या डॉक्टरीणबाई, ज्या आमच्या धर्मग्रामाच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या नंबरावर पेनाने रेघ मारली. मी मार्करने पुन्हा लिहिला. आता जाड झालाय, लांबूनही दिसतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, आणि सगळ्या नियमांत तीच सर्वात अवघड निघाली: शौचालय. मोठ्या पोरी दरवेळी भिंतीआड जातात, एकीने पहारा द्यायचा, हे इतकी वर्षं चाललंय आणि आता मला ते बघवत नाही. किल्लाबंदर, तुमच्या पाड्यात कुणाचं घर सकाळी नऊ ते अकरा वापरू देतील का? पैसे देऊ. पुढच्या शनिवारी सव्वीस पोरं आहेत, त्यात चौदा मुली.

किल्लाबंदर

चुलतीला विचारलं. ती म्हणते पैसे नको, पण एका वेळी दोघी-दोघी पाठवा आणि बरोबर तुमची एक बाई असू द्या, घरात दीर-भाचे असतात. रस्त्यावरून तिसरं घर, निळा दरवाजा. बाबांना आणणार असाल तर आधी कळवा, भरती बघून वेळ सांगतो, ओहोटीला बोटी चिखलात असतात.